मामांच्या ट्रंकेतली इंद्रजाल कॉमिक्स: हात लावण्याआधी

प्रश्न असा आहे: नारायण पेठेतला आजोळचा वाडा पुनर्विकासाला चालला आहे. माळा आवरताना लोखंडी ट्रंक सापडली. वर मामेभावाची खेळणी: बिस्किटांच्या डब्यात जी. आय. ज्योचे सैनिक आणि रबरबँड लावलेले डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. खाली मामांचा मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा मोठा गठ्ठा आणि चांदोबाचे शिवलेले खंड. मामा आता नाशिकला असतात, "तुझं तू बघ" म्हणाले. पानं पिवळी पडलीत, काही फाटलीत, कुबट वास येतो. एक मित्र म्हणतो लॅमिनेट कर, दुसरा म्हणतो जुन्या बाजारात देऊन टाक. काय करू?

पत्त्यांवरचा रबरबँड आजच काढा. बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, तो नाही. जुनं रबर आधी चिकट होतं, मग कडक होऊन तुटतं, आणि मधल्या काळात वरच्या-खालच्या पत्त्याच्या कडेत कायमचा डाग सोडतं. ओढू नका, कात्रीनं कापा. जिथे चिकटून बसला असेल तिथला तुकडा तसाच राहू द्या; पूर्ण वाळला की बहुतेक वेळा आपणहून सुटतो.

मग फोटो. ट्रंक उपसण्याआधी झाकण उघडल्यावर दिसतं तसा एक फोटो घ्या, आणि प्रत्येक थर उचलताना एकेक. वर मुलाची खेळणी, खाली वडिलांची कॉमिक्स, हा क्रम तुम्ही लिहिलात म्हणून मला कळला. एकदा सगळं सतरंजीवर पसरलं की तो कुणालाच सांगता येणार नाही. सुटा अंक शोधला की मिळतो. एकाच घरात एकाच मुलानं साठवलेला अख्खा गठ्ठा, त्याच्या पुढच्या पिढीच्या खेळण्यांसकट, फार क्वचित समोर येतो. माझं सगळं उत्तर यावरच उभं आहे: या ट्रंकेतल्या वस्तूंचं मोल त्या एकत्र असण्यात आहे. यादी पुरी होईपर्यंत त्यातलं काही दुरुस्त करू नका आणि काही बाजूला काढून कुणाला देऊ नका.

मी जुन्या कागदाच्या डागडुजीचं काम करते आणि मराठी इंद्रजाल स्वतः जमवते, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते. माझ्याकडे येणाऱ्या अंकांपैकी काळानं बिघडवलेले थोडे असतात. प्रेमानं बिघडवलेलेच जास्त.

लॅमिनेशनचं आधी सांगून टाकते: अजिबात करू नका. गरम रुळांतून जाताना प्लॅस्टिकवरचा डिंक वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो पुन्हा काढता येत नाही. कागदातलं आम्ल तसंच आत राहतं, त्यामुळे पान प्लॅस्टिकच्या आतसुद्धा तपकिरी होत जातं. त्यासाठी आधी पिना काढून अंक सुटा करावा लागतो, तो वेगळाच घात. सेलोटेपचंही तेच. आज पारदर्शक दिसणारी पट्टी काही वर्षांनी पिवळी पडते, तिचा डिंक पाझरून शेजारच्या पानाला चिकटतो, आणि शेवटी वरची फिल्म गळून तपकिरी पट्टा तेवढा मागे राहतो. मामांनी लहानपणी लावलेला टेप असेल तर तो तुम्ही सोलू नका, बरोबर छपाईही निघेल. फाटलेली पानं मी जपानी टिश्यूचा पातळ तुकडा आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावून जोडते. ओलाव्यानं ती जोडणी उद्या कुणालाही सोडवता येते, म्हणून ती चालते. पण तुम्ही आत्ता तेही करू नका. फाटका अंक फाटका म्हणून जपला तर त्याला काहीही होत नाही.

आणि उन्हात घालू नका. पापड-कुरडयांना ऊन मानवतं, वर्तमानपत्री कागदाला नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन नावाचं लाकडाचं द्रव्य काढलेलं नसतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो. एका दुपारच्या कडक उन्हात पानाचं जे नुकसान होतं त्याला बंद ट्रंकेत पुष्कळ काळ लागला असता. कुबट वास घालवायचा तर पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, अंक थोडे उघडून उभे ठेवा. बुरशीची पांढरी-हिरवी पूड दिसली तर मास्क लावा, गच्चीवर सावलीत मऊ कोरड्या ब्रशनं झटका, पान बाहेरच्या दिशेनं धरून. ओलं फडकं लावू नका.

आता पुण्याच्या हवेबद्दल, कारण परदेशी संग्राहकांचे सल्ले इथे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. कागद दर वर्षी फुगतो आणि आकसतो, आणि या ओढाताणीनंच तो थकतो. म्हणून पत्र्याखालचा माळा वाईट, पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेलं कपाट वाईट, आणि जमीन सगळ्यांत वाईट. घराच्या मधल्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट, खालचा कप्पा सोडून, उत्तम. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी वाळवायच्या ते कळतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की एकदा कपाट उघडून सगळं वरखाली करा.

प्रत्येक अंकाला स्वतंत्र पिशवी हवी. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे दुकानदार ज्यांना पीपी म्हणतात ती, बोहरी आळीत वेगवेगळ्या मापांत मिळते. पीव्हीसीचं कव्हर घेऊ नका. हाताला मऊ, किंचित तेलकट लागतं आणि नव्या रेनकोटसारखा वास येतो, ते पीव्हीसी. पाठीमागे आधाराला पुठ्ठा हवा, पण मिठाईच्या खोक्याचा राखाडी पुठ्ठा नको, तो स्वतःच आम्लधर्मी असतो. आम्लविरहित बोर्ड महाग पडत असेल तर सुती चिंध्यांपासून केलेला जाड हातकागद वापरा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत तो मिळतो. सुती धाग्यात लिग्निन नसतं. अंक उभे ठेवायचे तर खचाखच नाही आणि ढिलेही नाहीत. आडवे ठेवायचे तर दहा-बाराच्या वर गठ्ठा करू नका.

ट्रंकेत कसर असेल तर वरचे सगळे कष्ट वाया. पानांवर वेडीवाकडी कुरतडलेली नक्षी आणि चंदेरी, चपळ किडा दिसला तर ती कसर. खळ आणि सरस हे तिचं आवडतं खाणं, म्हणून चांदोबाच्या शिवलेल्या खंडांचे पुठ्ठे आधी तपासा. जुने लोक वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवत. ठेवायला हरकत नाही, कागदाला न लागता. पण आत असलेली कीड त्यानं मरत नाही. त्यासाठी डीप फ्रीझर. अंक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड टेपनं पक्कं बंद करून दोन आठवडे उणे अठरा अंशांत ठेवायचे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव जमतं. डांबरगोळ्या मात्र या ट्रंकेत कुठेच नकोत. त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि तुमच्याकडे खेळणीही आहेत.

हे झालं कागदाचं. आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघू, मला खरी उत्सुकता तिथेच आहे.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये बंद केली. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आली. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची आहेत. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींनी लिहिलेला बहादूर आला, त्याची चित्रंही याच गोविंद ब्राह्मणियांची. चंबळचा डाकू बाप आणि गावाच्या रक्षणासाठी नागरिक दल उभारणारा मुलगा: आपल्याकडचा, कुर्ता घालणारा नायक त्या वेळच्या मुलांना पहिल्यांदाच वेताळाच्या बरोबरीनं मिळाला. मला विचाराल तर गठ्ठ्यात बहादूरचे सुरुवातीचे मराठी अंक आहेत का, हे मी पहिल्यांदा बघेन. वेताळ जगभर छापला गेला, त्याची गोष्ट कुठे ना कुठे सापडते. बहादूर आपला.

यादी करताना मुखपृष्ठावरचा क्रमांक, महिना-वर्ष, किंमत, नायक, कथेचं नाव, पानं पूर्ण आहेत की नाहीत, पिना मूळच्या आहेत की बदललेल्या, आणि अंकावर हातानं लिहिलेलं जे काही असेल ते सगळं उतरवा. पहिल्या अंकांत कॉमिकची पानं थोडी आणि सामान्य ज्ञानाची, कोड्यांची पानं बरीच होती, त्यामुळे 'मधलंच काहीतरी सुटं पान' म्हणून काही फेकू नका. इंटरनेटवर मिळणाऱ्या याद्या बहुतेक इंग्रजी क्रमवारीच्या आहेत. मराठी अंक त्यात ओढूनताणून बसवायला जाऊ नका, मुखपृष्ठावर छापलंय तेच लिहा. त्या इंग्रजी क्रमवारीत १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत, म्हणून क्रमांक ८०५ पर्यंतचे धरूनही प्रत्यक्ष अंक ८०३ भरतात. ते दोन 'दुर्मीळ अंक' कुणी विकायला काढले तर तिथून निघा.

मराठी अंक चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड का, याचं माझ्या अनुभवातलं एक कारण सांगते. आपल्या पेठांतून मे महिन्याच्या सुट्टीत गल्लोगल्ली वाचनालयं चालत. जिन्याखाली दोरीवर कॉमिक्स टांगलेली, काही पैसे देऊन तिथेच पायरीवर बसून वाचायची. एकेक अंक पन्नास-पन्नास हातांतून जाई. टिकाव म्हणून तीन-चार अंक एकत्र बाइंड करत, आणि बाइंडर कडा सारख्या करायला तिन्ही बाजू कापून टाकी. अशा प्रतीत संवादाचे फुगेसुद्धा कडेला कापलेले दिसतात. संग्राहक त्यांना कमी किंमत देतात आणि बाजाराच्या हिशेबानं ते बरोबर आहे. मी मात्र वाचनालयाच्या शिक्क्याचा, मागच्या पानावर पेन्सिलीनं तारखा मांडलेला अंक आनंदानं घेते. मुलं हे कसं वाचत होती त्याचा तेवढाच लेखी पुरावा उरला आहे. तुमच्या मामांच्या अंकांवर नाव, इयत्ता, 'परत करणे' असलं काही असेल तर खोडरबर लावू नका.

चांदोबाबद्दल थोडक्यात. मूळ तेलुगू-तमिळ मासिक जुलै १९४७ चं, मद्रासच्या नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांचं. मराठी चांदोबा त्यानंतर काही वर्षांनी आला. विक्रम-वेताळाची ती खांद्यावरच्या प्रेताची आकृती शंकर यांच्या कुंचल्यातली. घरी दाभण-दोऱ्यानं शिवलेले खंड उसवू नका. अंकांतल्या जाहिराती शाबूत आहेत का ते बघा, कारण शिवताना लोक त्या काढून टाकत आणि आज त्यांना मागणी असते. खंडांमध्ये 'किशोर' मिसळले असतील तर वेगळी नोंद करा. ते बालभारतीचं, म्हणजे आपल्या पुण्यातलंच, १९७१ पासूनचं मासिक. त्याचे जुने अंक संस्थेनं संकेतस्थळावर खुले केले आहेत, त्यामुळे तुमच्या प्रतीत काय गळलंय ते घरबसल्या पडताळता येतं. १९६१ च्या आधीचा कागद निघाला आणि त्यावर आडवी मातकट रेघ असेल तर तो डाग घासू नका. नारायण पेठेतलं घर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेलं पाणी त्या भागात शिरलं होतं.

पत्त्यांचं वय पाठीवरून कळतं. डब्ल्यूडब्ल्यूएफ हे नाव २००२ मध्ये बदलून डब्ल्यूडब्ल्यूई झालं, म्हणजे तुमचे त्याआधीचे. शाळेच्या डब्याच्या सुट्टीत एका संचातले पत्ते दुसऱ्यात गेलेले असतातच; पाठीचा रंग आणि कोपऱ्याचा गोलवा जुळवून संच वेगळे करा. पेटी आणि नियमांचा पत्ता बरोबर असेल तर छानच. पत्ते झिजलेले आहेत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, न झिजलेले म्हणजे कुणी न खेळलेले.

सैनिकांकडे मात्र नीट लक्ष द्या. फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेली खेळण्यांची कंपनी, आणि तिनं भारतात काढलेले जी. आय. ज्यो हा परदेशी संग्राहकांच्या आवडीचा विषय आहे. कारण असं की साचे अमेरिकेतून यायचे, पण रंग इथे बदलायचे. काही वेळा एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड असेही सैनिक निघाले. तिकडच्या फोटोशी जुळत नाही म्हणून 'डुप्लिकेट' समजून टाकून देऊ नका. पोटातून दुमडणाऱ्या सैनिकाच्या आत रबरी ओ-रिंग, म्हणजे छोटं गोल कडं, असते, धड आणि पाय तिच्यावर तोललेले असतात. इतक्या वर्षांत ती कडक झालेली असणार, म्हणून पाय वाकवून बघू नका. पाठीचा एकच स्क्रू काढला की धड उघडतं आणि त्याच मापाची नवी ओ-रिंग घालता येते; एवढी एक दुरुस्ती मी खुशाल करा म्हणते, कारण जुनी तुटली की झटक्यानं कमरेचा सांधाही तुटू शकतो. हातात बंदूक कोंबू नका. या सैनिकांचे अंगठे पहिले जातात, आणि अंगठा नसलेल्याची किंमत एकदम खाली येते. मऊ रबरी प्लॅस्टिकच्या वस्तू, म्हणजे पट्टे, टोप्या, टायर, कडक प्लॅस्टिकला टेकून ठेवू नका. मऊ प्लॅस्टिकमधलं तेल पाझरतं आणि शेजाऱ्याला वितळल्यासारखा खड्डा पडतो. डब्यात कुठलं सेलवर चालणारं खेळणं असेल तर सेल आधी काढा.

विकण्याबद्दल. जुना बाजार मला प्रिय आहे. बुधवार-रविवारी मंगळवार पेठेत जाऊन मी पुष्कळ काही आणलं आहे. पण ती घ्यायची जागा आहे, द्यायची नाही. तिथे गठ्ठ्याचा भाव होतो, आणि गठ्ठा दुसऱ्याच दिवशी चार दिशांना जातो. घरी येऊन 'सगळं घेतो' म्हणणारा माणूस पहिले दहा अंक निवडून बाकीचे 'नंतर नेतो' म्हणतो, तेही टाळा. किंमत शोधताना लोक काय मागतात ते बघू नका, प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. विक्रीला महिनोन्महिने पडून असलेल्या अंकाचा आकडा म्हणजे भाव नव्हे. विकायचंच ठरलं तर आधी पूर्ण यादी करा, मग इंद्रजालचा गठ्ठा अखंड द्या आणि खेळणी वेगळी.

जोडीला काही विकत घ्यावंसं वाटेल, ते वाटतंच, म्हणून नकली अंक ओळखायची युक्ती सांगून ठेवते. दहापट भिंग घ्या. त्या काळच्या छपाईत रंग नीट ओळीतल्या ठिपक्यांचे दिसतात, इंकजेटमध्ये विस्कटलेले तुषार दिसतात, लेझर प्रिंटला पृष्ठभागावर चकाकी असते. जुनी पीन गंजलेली असते आणि गंज भोवतीच्या कागदात उतरलेला असतो. पीन चकचकीत आणि कागद म्हातारा असेल तर मधल्या जोडपानाचा फोटो मागा.

विकू की ठेवू, यावर माझं मत विचारलंत तर निदान वर्षभर ठेवा. शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय एकदा या नजरेनं पाहून या. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, म्हणजे लोक मोडीत काढत होते त्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्ता जमवायचा असतो हे त्यांच्या आधी किती जणांना पटलं असतं? छापील कॉमिक्स आणि प्लॅस्टिकच्या सैनिकांचं तसंच होणार आहे, याची मला खात्री आहे. हल्ली माझ्याकडे मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचणारी कॉलेजची मुलं येतात. दुकानातून आणलेल्या बाहुल्यांची खोकी न उघडता जपणारी ही मुलं मराठी वेताळ हातात धरून 'हे आपल्या भाषेत होतं?' म्हणून बघत राहतात. त्यांना दाखवायला प्रती शिल्लक हव्यात. तोवर स्वतःसाठी स्कॅन करून ठेवा, ३०० डीपीआय पुरे, अंक काचेवर दाबून सपाट न करता. कणा ठिसूळ वाटला तर वरून फोनवर फोटो काढा. स्कॅन गटागटांत वाटू नका, या पात्रांचे हक्क अजून कुणाचे ना कुणाचे आहेत.

आणि वाडा पाडायच्या आत मामांना एकदा नाशिकहून बोलावून घ्या. 'तुझं तू बघ' म्हणणारा माणूस ट्रंक समोर आली की बोलतो, हे मी पाहिलं आहे. अंक कुठल्या दुकानातून आणायचे, कुणाशी अदलाबदल व्हायची, कुठला अंक शाळेत जप्त झाला, बहादूर आवडायचा की मॅन्ड्रेक, मधली कुठली वर्षं गायब आहेत आणि का, हे यादीच्या शेवटच्या रकान्यात त्यांच्या शब्दांत लिहा, फोनचा रेकॉर्डर चालू ठेवून. मामेभावालाही व्हिडिओ कॉलवर घ्या, सैनिकांची सुटलेली शस्त्रं कुणाची ते त्यालाच ओळखता येईल. यादी झाली आणि मनात आलं तर मला दाखवा, विशेषतः बहादूरचे अंक. ट्रंक खाली उतरवताना मात्र भरलेली उचलू नका. इतक्या वर्षांत तळाचा पत्रा गंजलेला असतो आणि तो जिन्यातच सुटतो.